हँडल सर्वांत शेवटी हलवा

प्रश्न : मी कराडहून सातारा एमआयडीसीत रोज मोटारसायकलने ये-जा करतो, दोन्ही वेळचे मिळून सुमारे १०० किलोमीटर होतात. गेल्या चार महिन्यांपासून उंब्रज मागे पडले की उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागते. गॅरेजमध्ये सांगितल्यावर मिस्त्रींनी हँडल माझ्याकडे फिरवून दिले, पण तेव्हापासून मनगटही दुखते आहे. उंच हँडल बसवून घ्यावे काय?
— एक वाचक, कराड

उत्तर : आपण नेमकी कोणती बोटे बधिर होतात हे लिहिले, हे फार बरे झाले, कारण निम्मे उत्तर त्यातच आहे. करंगळी आणि अनामिका यांची संवेदना वाहणारी नस तळहाताच्या बुडाशी, करंगळीच्या बाजूने जाते, आणि आपण शरीराचा भार हातांवर टाकून बसलो की ग्रिपचा दाब नेमका तेथे पडतो. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येत असत्या तर मनगट सतत वाकलेले राहते आहे, असा पहिला संशय मी घेतला असता. तेव्हा आपला मूळ त्रास हँडलच्या कोनाचा नसून हातांवर येणाऱ्या भाराचा असावा, असे मला वाटते. गाडीवरून उतरल्यावरही बधिरपणा टिकत असेल, रात्री झोपेतून जाग येत असेल किंवा मूठ कमजोर झाल्यासारखी वाटत असेल, तर मात्र गॅरेजच्या आधी डॉक्टरांकडे जावे.

हा भार आपल्याला घरच्या अंगणातही तपासता येईल. गाडी मेन स्टँडवर लावा, नेहमीसारखे बसा, पाय फुटरेस्टवर ठेवा आणि दोन्ही तळहात ग्रिपपासून बोटभर उचला. शरीर जागच्या जागी राहिले तर बैठक ठीक आहे, आणि पुढे टाकीकडे कलले तर तोच भार आपण रोज दोन-अडीच तास तळहातांवर पेलत आहात. याचे कारण बहुधा सीटमध्ये सापडते. जुन्या सीटचा फोम पुढच्या बाजूला दबतो, त्यावर गुळगुळीत रेक्झिनचे कव्हर चढवलेले असते, आणि प्रत्येक ब्रेकसरशी स्वार टाकीकडे घसरत जातो. मग तो नकळत कोपरे ताठ करून स्वतःला मागे ढकलत राहतो. ताठ कोपरांतून रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट खांद्यापर्यंत पोचतो, आणि हँडलवरही नको तितका जोर पडत असल्यामुळे गाडी हलक्या हाताने वळत नाही. फोम बदलून सीट समतल करून घ्यावी, गुडघ्यांनी टाकी हलकेच धरावी आणि कोपरे थोडी वाकलेली ठेवावीत. एवढ्यानेच आपला निम्म्याहून अधिक त्रास कमी होईल, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर पाय पाहावेत. हातांच्या दुखण्यात पायांचा काय संबंध, असे वाटेल. पण मागच्या ब्रेकचा पेडल फार उंच असला की तळपाय सतत उचलून धरावा लागतो, मांडी अवघडते आणि कमरेचा आधार सुटून भार पुन्हा हातांवर येतो. तळपाय फुटरेस्टवर सपाट ठेवला असता पेडल बोटांच्या बुडाखाली किंचित खाली असावा. पेडलची उंची बदलली की ब्रेकची मोकळी चाल (ब्रेक प्रत्यक्ष लागण्याआधी पेडल जितका सैल हलतो ती) आणि मागचा ब्रेकलाइट पुन्हा तपासलाच पाहिजे. दिवा सतत पेटत राहिला तर मागून येणाऱ्या ट्रकचालकाला आपण खरोखर ब्रेक केव्हा दाबला ते कळणार नाही.

आता लिव्हर. हँडल आपल्याकडे फिरवल्यापासून मनगट दुखू लागले, याचे कारण सरळ आहे. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर हँडललाच आवळलेले असल्याने हँडलबरोबर तेही फिरले, त्यांची टोके जमिनीकडे झुकली आणि आता बोटे तेथवर नेताना आपले मनगट दर वेळी खाली मोडते. नेहमीच्या बैठकीत बसून हात पुढे केल्यावर कोपर, मनगट आणि लिव्हरवर टेकलेली बोटे एका रेषेत आली पाहिजेत. लिव्हरच्या पकडीचा बोल्ट सैल करून तो दोन-तीन मिलिमीटर फिरवावा, पुन्हा बसून पाहावे, आणि समाधान झाल्यावरच आवळावे. पुढे डिस्क ब्रेक असेल तर उजव्या बाजूला ब्रेक ऑइलची छोटी टाकी असते. ती फार तिरपी होऊ देऊ नये आणि काचेच्या खिडकीतून ऑइलची पातळी दिसते ना हे पाहावे. क्लचच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल बहुतेक रोजच्या वापराच्या गाड्यांना चालते, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा.

हँडल सर्वांत शेवटी. बसवलेल्या जागी पेनाने बारीक खूण करा, म्हणजे परत येण्याची वाट राहील. हँडलची पकड सहसा चार बोल्टांची असते; चारही सैल करावेत, काढू नयेत. बाजूने पाहिल्यास हँडलचा वर चढणारा भाग साधारणपणे पुढच्या फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांच्या) रेषेत असावा. आपले मिस्त्रींनी फिरवलेले हँडल प्रथम तेथेच परत न्यावे. कित्येक गाड्यांत पकडीच्या टोपीवर ठिपका असतो आणि तो पुढच्या बाजूला ठेवून पुढचे दोन बोल्ट आधी आवळायचे असतात. तेव्हा मागे थोडी फट राहते आणि ती राहू द्यायची असते. फट मिटावी म्हणून पाना ताणत बसल्यास टोपीला तडा जातो.

आवळून झाल्यावर इंजिन सुरू ठेवून हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून पाहा. या एका तपासणीविषयी मी आग्रहाने लिहितो आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका गॅरेजमध्ये हँडल उंच करून घेतले आणि ही तपासणी न करता यवतेश्वर घाटात गेलो. अरुंद जागी गाडी माघारी वळवताना हँडल पूर्ण फिरले, ॲक्सिलरेटरची केबल ताणली गेली आणि मूठ न पिळताच इंजिन गुरगुरू लागले. क्लच हातात होता म्हणून गाडी कठड्यापाशी थांबली. हँडल फिरवताना इंजिनचा आवाज जराही चढला, केबल अगर ब्रेकचा पाइप ताणला गेला, किंवा लिव्हर टाकीला घासला, तर गाडी रस्त्यावर नेऊ नये.

उंच हँडलचा विचार म्हणूनच मी आपल्याला सुचवणार नाही. त्यासाठी बहुधा केबल आणि ब्रेकचा पाइप लांब घ्यावा लागतो. शिवाय महामार्गावर ताठ बसलेल्या माणसाची छाती वारा अडवते, आणि तो वारा सोसण्यासाठी तो हँडलला लटकूनच बसतो. म्हणजे दाब गेला तरी ओढ आलीच. मूळ रचनेत बदल करण्याला मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार मर्यादा आहेत, हेही ध्यानात असावे.

प्रश्न : मी शिक्षिका असून सातारा–मेढा रस्त्याने रोज शाळेत जाते. माझी उंची पाच फूट आहे. गाडी चांगली आहे, पण ब्रेकच्या लिव्हरपर्यंत माझी बोटे जेमतेम पोचतात. गाडी बदलावी लागेल का?
— एक वाचिका, सातारा

उत्तर : गाडी बदलण्याची घाई करू नये. वरच्या उत्तरात मी हँडल शेवटी हलवण्यास सांगितले असले, तरी आपल्यासारख्या प्रसंगी ते थोडे आपल्याकडे घेणे योग्यच ठरते. फक्त त्यानंतर दोन्ही लिव्हर पुन्हा वर फिरवून मनगटाच्या रेषेत आणावेत आणि केबलची तपासणी करावी. काही गाड्यांच्या लिव्हरला ग्रिपपासूनचे अंतर कमी करण्यासाठी फिरता खटका असतो, तो आहे का ते पाहा. नसल्यास लिव्हरची पकड आतल्या बाजूला किंचित सरकवावी, म्हणजे बोटे लिव्हरच्या टोकाजवळ पडतील आणि कमी जोरात ब्रेक लागेल. मात्र स्विचच्या डब्यामुळे ती सरकत नसेल तर ओढाताण करू नये. लिव्हर वाकवून जवळ आणण्याचा उपाय कोणी सुचवला तरी मुळीच ऐकू नये, कारण वाकवलेला लिव्हर ऐन वेळी तुटतो.

सीट कापून खाली घेण्याची गरज नाही. सिग्नलला थांबताना दोन्ही पायांचे चवडे टेकले तरी पुरेसे आहे.

प्रश्न : मी कोरेगाव तालुक्यातून दूध संकलन करतो. मागे दोन्ही बाजूंना ४० लिटरचे दोन कॅन असतात. हँडल हलके लागते आणि डुलते. बोल्ट दोनदा आवळून घेतले, फरक नाही.
— एक वाचक, कोरेगाव

उत्तर : फरक पडणार नाही, कारण दोष त्या बोल्टांचा नाही. दोन भरलेल्या कॅनमध्ये नुसते दूधच ८० किलोहून अधिक होते. ते मागच्या चाकाच्या अक्षामागे लटकले की पुढचे चाक हलके होते आणि हँडलची पकड सुटल्यासारखी वाटते. कॅनची चौकट जितकी पुढे आणि खाली बसवता येईल तितकी बसवावी, मागचा स्प्रिंग कडक खाचेवर घ्यावा आणि मागच्या टायरमध्ये पुस्तिकेत भारासाठी सांगितलेली हवा भरावी. अर्धवट भरलेले कॅन अधिक त्रास देतात, कारण वळणावर दूध हिंदकळते आणि त्याचा झोका थेट हँडलपर्यंत येतो. दोन्ही बाजूंना सारखे दूध राहील असे पाहावे.

एवढे करूनही डुलणे राहिले तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते गोळ्यांचे बेअरिंग, तपासावा. मेन स्टँडवर लावून पुढचे चाक अधांतरी करावे, फोर्कची खालची टोके धरून पुढे-मागे हलवावीत. खटखट जाणवली तर तो सैल आहे. आणि हँडल सावकाश फिरवताना ते मध्यावर एखाद्या खाचेत बसल्यासारखे अडकले तर गोळ्या आणि वाट्या झिजल्या आहेत. मग नुसते आवळून भागत नाही, पूर्ण संच बदलावा लागतो.