रँकिंग बाजूला ठेव, आधी सिलॅबस काढ

तुझा मेसेज दोनदा वाचला. सांगलीत बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहेस, सीजीपीए ७.६, जर्मनीत एम.एस्सी. करायची आहे आणि यादीत म्युनिक, हायडेलबर्ग, बॉन, येना ही चार नावं. पाचवं नाव पुण्यातल्या कन्सल्टंटने घातलंय, बर्लिनमधलं एक खासगी विद्यापीठ, आणि त्याच्या फीसाठी बाबा शेत तारण ठेवायला निघालेत. प्रश्न एवढाच: "ताई, यात रँकिंगने सगळ्यात चांगलं कुठलं?" ताई म्हणालास म्हणून हक्काने अरे-तुरे करते.

आधी ते पाचवं नाव खोड. मीही कोल्हापूरहून जर्मनीला निघताना असाच एक कन्सल्टंट गाठला होता. त्याने पैसे भरून घेतले आणि तीन नावं हातात ठेवली. तिन्ही खासगी, तिन्ही कोर्सच्या नावात मॅनेजमेंट. मी आपली थिन फिल्मवर प्रोजेक्ट केलेली मुलगी! पुढे कळलं की सरकारी विद्यापीठाकडून एजंटाला सहसा दमडीही मिळत नाही, मग तो त्यांचं नाव कशाला घेईल? इंग्रजीतून चालणाऱ्या कोर्सची यादी डीएएडीच्या, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या जर्मन संस्थेच्या, साइटवर फुकट आहे. तुझे दोन रविवार जातील, बस.

पैशाचं गणित नीट समजून घे आणि बाबांनाही समजाव. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, दर सेमिस्टरला दोन-तीनशे युरोंच्या आसपासची वर्गणी असते. पण तुझ्या यादीतली दोन नावं याला अपवाद आहेत. हायडेलबर्ग ज्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात येतं, तिथे युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या हिवाळी सेमिस्टरपासून मास्टर्सला ४,००० ते ६,००० युरो लावलेत, तेही दर सेमिस्टरला. चार सेमिस्टर धरून गुणाकार कर. बॉन आणि येनाला ही फी नाही.

मग ब्लॉक्ड अकाउंट. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे शंभर रुपयांचा युरो धरला तरी बारा लाखांच्या घरात. आकडा ऐकून माझ्या वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला होता. पण ही फी नाही, तुझेच पैसे आहेत. इथे आल्यावर महिन्याला ९९२ युरो तुझ्या खात्यात येत राहतात आणि त्यातूनच भाडं, विमा, जेवण. कर्ज काढायचंच तर एवढ्यापुरतं काढा. "पार्टटाइम करून सगळं भागतं" असं कोणी सांगितलं तर एका कानाने ऐक. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिल्या सेमिस्टरला अभ्यासच गळ्याशी येतो. दुसऱ्यापासून एखाद्या ग्रुपमध्ये हीवी मिळाली तर बघ. हीवी म्हणजे प्राध्यापकाच्या हाताखालची विद्यार्थ्याची नोकरी. पगार थोडा, पण लॅबची किल्ली हातात येते.

आता रँकिंग. जर्मनीत बरंचसं संशोधन विद्यापीठाच्या भिंतीबाहेर, वेगळ्या संशोधन संस्थांत चालतं: माक्स प्लांक, हेल्महोल्ट्झ, फ्राउनहोफर, लायब्निट्स. हे सगळं विद्यापीठाच्या रँकिंगमध्ये धरलं जात नाही. आणि फिजिक्सच्या एम.एस्सी.त बहुतेक ठिकाणी दुसरं वर्ष जवळजवळ सगळं थीसिसचं असतं, जे अनेक जण याच संस्थांत करतात. म्हणून विद्यापीठ कितवं हे विचारू नकोस. दुसऱ्या वर्षी मी कुठल्या लॅबमध्ये असेन, ते विचार. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघून वेड लागलं असेल तर बॉन: तिथे रेडिओ ॲस्ट्रॉनॉमीची माक्स प्लांक संस्था आहे आणि तिची एफेल्सबर्गची १०० मीटरची दुर्बीण. न्यूक्लियर किंवा ॲस्ट्रो असेल तर हायडेलबर्ग, फी सोसून. तुझ्या यादीत हॅम्बुर्ग नाही, पण पार्टिकल किंवा एक्स-रेत रस असेल तर डेझी ही कण-प्रवेगकांची मोठी प्रयोगशाळा तिथे आहे.

मी येनाला गेले ते प्रकाशासाठी. कार्ल झाइसने १८४६ मध्ये या गावात वर्कशॉप काढलं, पुढे एर्न्स्ट आबे आणि काचवाला ओटो शॉट त्याला मिळाले, आणि तेव्हापासून हे गाव भिंगांवर जगतंय. सूक्ष्मदर्शकातून किती बारीक दिसू शकतं त्याची मर्यादा सांगणारं आबेचं सूत्र इथे स्मारकाच्या दगडात कोरलंय. टी.वाय.ला मी ते पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं. पहिल्या आठवड्यात त्या दगडासमोर उभी राहून आईला व्हिडिओ कॉल केला, तर ती म्हणाली, "कोणाची समाधी आहे गं?"

येनाची दुसरी बाजूही सांगते. गाव छोटं. लोबेडाला माझी खोली होती, पूर्व जर्मनीच्या काळातल्या उंच ठोकळ्या इमारतींत, ट्रामच्या रुटावर. म्युनिकच्या मानाने भाडं बरंच कमी. पण येना ज्या थुरिंगिया राज्यात आहे तिथे २०२४ च्या निवडणुकीत स्थलांतरितांविरुद्ध बोलणारा एएफडी पक्ष पहिल्या नंबरवर आला. येना विद्यार्थ्यांचं गाव आहे, तिथे मला कधी त्रास झाला नाही. आजूबाजूच्या खेड्यांत मात्र नजरा जाणवल्या. हे कुठल्या ब्रोशरमध्ये नसतं.

आता खरी अडचण, जी तू विचारलीच नाहीस. आपल्याकडे बी.एस्सी.ला पहिली दोन वर्षं फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असे विषय वाटून घेतलेले असतात, मुख्य विषय खऱ्या अर्थाने तिसऱ्या वर्षी सुरू होतो. इथला मुलगा पहिल्या दिवसापासून फिजिक्सच करतो. त्याची बॅचलर १८० क्रेडिटची, एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचं काम. कोर्सच्या प्रवेश-नियमांत लिहिलेलं असतं की एवढे क्रेडिट थिअरेटिकल फिजिक्सचे, एवढे प्रयोगाचे, एवढे गणिताचे हवेत. पोरं मार्क बघून अर्ज करतात आणि आपटतात इथे.

तर असं कर. एका कागदावर चार रकाने आख: मेकॅनिक्स, इलेक्ट्रोडायनॅमिक्स, क्वांटम, स्टॅटिस्टिकल. सहाही सेमिस्टरचे सिलॅबस समोर घेऊन कुठल्या पेपरचे किती तास कुठल्या रकान्यात जातात ते लिही. माझा क्वांटमचा रकाना बी.एस्सी.पर्यंत जवळपास रिकामा होता, तो कोल्हापूरच्या एम.एस्सी.ने भरला. तीन वर्षांच्या डिग्रीवर काही कोर्स घेतात, काही घेत नाहीत. म्हणून अर्ज करण्याआधी कोर्स कोऑर्डिनेटरला हा तक्ता जोडून चार ओळींची ईमेल टाक. "ॲम आय एलिजिबल" एवढंच विचारलंस तर वेबसाइट बघा असं उत्तर येईल. तक्ता पाठवलास तर माणूस वाचतो.

तिथे जमलं नाही तर आपल्याकडे एम.एस्सी. कर आणि मग थेट पीएचडीची जागा शोध. इथे फिजिक्सची पीएचडी सहसा पगारी असते. मी एम.एस्सी. हातात असताना पुन्हा एम.एस्सी. केली. आज असते तर आधी पीएचडीचे अर्ज टाकले असते.

मार्कांचं म्हणशील तर काळजी नको. इथे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे काठावर पास. दहातून तुझे ७.६ वजा केले की २.४, त्याला कमाल आणि पास यांच्या फरकाने भाग (तुझ्याकडे पास ४ ला असेल तर ६), तीनने गुण, एक मिळव: २.२ येतात. अनेक कोर्स २.५ पर्यंत घेतात. एका पेपरात मला १.३ मिळाले तेव्हा वडील अर्धा मिनिट गप्प होते, मग हळूच म्हणाले, "पुन्हा बसता येतं का?" तसं बसता येतं, बहुतेक ठिकाणी एकूण तीनदा. तिसऱ्यांदा गेलं तर कोर्सच हातचा जातो, हे डोक्यात ठेव. बऱ्याच परीक्षा तोंडी असतात. कोरा कागद आणि पेन पुढे सरकवतात आणि म्हणतात, काढून दाखवा. गाइड घोकून आलेल्याचं तिथे काही चालत नाही.

वर्ग इंग्रजीत असला तरी लॅबचा टेक्निशियन, घरमालक आणि पुढची नोकरी जर्मनमध्येच बोलतात. आत्तापासून सुरू केलंस तर निघेपर्यंत ए टू, म्हणजे भाषेची दुसरी पायरी, होईल, पुण्यात मॅक्स म्युलर भवन किंवा रानडे इन्स्टिट्यूटला.

आणि एपीएसच्या, म्हणजे आपल्या डिग्रीची कागदपत्रं खरी आहेत असं तपासून देणाऱ्या सर्टिफिकेटच्या, मागे लाग. नोव्हेंबर २०२२ पासून त्या सर्टिफिकेटशिवाय व्हिसा नाही, अठरा हजार रुपये फी आहे, आणि त्याला लागणाऱ्या मार्कशीटसाठी विद्यापीठात खेटे घालावे लागतात ते वेगळेच. तक्ता झाला की मला फोटो काढून पाठव. रकाने रिकामे दिसले तरी पाठव, खोटे तास भरू नकोस.