हाड भरलं, पोटरी अजून मागे आहे

प्रश्न : ताई, मी 27 वर्षांचा आहे, पिंपरीत आयटी कंपनीत नोकरी करतो. माझी उंची 163 सेंटिमीटर होती. तीन स्थळांकडून उंचीवरून नकार आल्यावर 14 महिन्यांपूर्वी इस्तंबूलला जाऊन दोन्ही नडग्या लांब करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. आत रॉड आहेत. आता उंची 169 आहे. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, हाड पूर्ण भरलं. सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर चालतो. पण उकिडवं बसलो की टाचा उचलल्या जातात आणि मागे कलंडतो. जिना उतरताना कठडा लागतो. पळणं नाहीच. गेल्या महिन्यात गावी आजीच्या वर्षश्राद्धाला सगळी पंगत खाली आणि मी एकटा खुर्चीवर. आईबाबा सोडून सगळ्यांना अपघात झाल्याचं सांगितलंय, इथल्या फिजिओलासुद्धा. हे असंच राहणार का? सिंहगड परत चढेन का?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पंगतीतल्या त्या खुर्चीपाशी दोन्ही वेळा थांबले. आधी उत्तर देते, मग कारण सांगते. हे असंच राहणार नाही, बरीच सुधारणा अजून हातात आहे. सिंहगड चढाल असं मला वाटतं. पण उडी आणि जोरात पळण्यातली ताकद शस्त्रक्रियेआधी होती तेवढी परत येईलच, असं मी लिहून देणार नाही.

या शस्त्रक्रियेत हाड कापतात आणि त्याची दोन टोकं रोज एक मिलिमीटर दूर सरकवतात. म्हणजे तुमचे सहा सेंटिमीटर व्हायला साधारण 60 दिवस लागले असतील. हाड मोठं उदार आहे, दोन टोकांच्या मधल्या फटीत ते स्वतःहून नवं हाड भरतं. पोटरीचं तसं नाही. तिला त्याच 60 दिवसांत ओढून धरलेलं असतं, तिची स्वतःची लांबी वाढायला वेळ लागतो आणि ती वाढ व्यायामाशिवाय पुरेशी होत नाही. एक्स-रेमध्ये पोटरी दिसत नाही. म्हणून 'हाड भरलं' हे ऐकून माणूस सुटलो म्हणतो, आणि खरं काम तिथून पुढचं असतं.

आज रात्री घरी एक करून बघा. भिंतीसमोर अनवाणी उभे राहा. एक पाऊल सरळ भिंतीकडे, टाच जमिनीला घट्ट. आता गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवा. टेकला तर पाऊल एक बोट मागे घ्या, परत टेकवा. टाच सुटायच्या आधी अंगठा भिंतीपासून किती लांब जातो ते पट्टीने मोजा. घोटा मोकळा असलेल्या माणसाचं हे अंतर दहा सेंटिमीटरच्या आसपास भरतं. तुमचं दोन किंवा तीन भरेल असा माझा अंदाज आहे, कदाचित गुडघा भिंतीला लागणारही नाही. दोन्ही पायांचे आकडे आणि तारीख वहीत लिहा. जिना उतरताना जो पाय वरच्या पायरीवर मागे राहतो, त्याचा घोटा नेमका असाच पुढे वाकावा लागतो. तो वाकत नाही म्हणून हात कठड्याकडे जातो. ती भीती नाही, मनाचा कमकुवतपणाही नाही.

दुसरी गोष्ट फिजिओने तपासायची आहे. गुडघा सरळ ठेवून पाऊल वर ढकललं तर घोटा किती वाकतो आणि गुडघा दुमडून किती वाकतो. दुमडल्यावर मोकळा झाला तर आखडलेला आहे तो पोटरीचा वरचा स्नायू. तो गुडघ्याच्या वरून निघतो आणि टाचेला येऊन मिळतो, म्हणून तो ताणायचा तर गुडघा कडक सरळ हवा. दोन्हीकडे सारखाच अडला, तर आतला स्नायू किंवा खुद्द सांधा धरलाय. त्या वेळी घोट्याचा एक्स-रे काढून नडगीशेजारचं बारीक हाड खाली नीट जागेवर आहे का, हे ऑर्थोपेडिक डॉक्टरांना बघू द्या. लांबी वाढवताना तेही कापलेलं असतं, आणि ते सरकलं तर कितीही ताणा, घोटा दाद देत नाही.

आता व्यायाम. सुताराकडून पाऊल मावेल एवढी एक उतरती फळी करून घ्या. चवडा उंच बाजूला, टाच खाली, गुडघे सरळ, पाठ भिंतीला. एक-दोन मिनिटं उभं राहायचं, दिवसातून सात-आठ वेळा. मीटिंग चालू असताना उभं राहिलात तरी चालेल. बहुतेक जण पावलं बाहेर फाकवतात आणि तळव्याची कमान खाली पाडतात. मग ताण पोटरीला न बसता भलतीकडे जातो. पावलं सरळच हवीत. ताकदीसाठी पायरीच्या कडेवर दोन्ही चवड्यांवर वर जा आणि एकाच पायावर हळूहळू पाच मोजत खाली या. एका पायावर वीस वेळा टाच पूर्ण उचलता येईपर्यंत पळायचं नाव काढू नका. सिंहगडाची तयारी घरच्या जिन्यात होईल. चढण जमेल, खरी परीक्षा उतरताना आहे.

या आजारात, खरं तर हा आजारच नाही पण शब्द सुचत नाही, माझ्या मनात नेहमी एक खेळाडू येतो. सायबेरियातल्या कुर्गान शहरात डॉ. इलिझारोव्ह यांनी 1950च्या दशकात हाड लांबवायची पद्धत बसवली, ती मोडलेल्या, सडलेल्या, आखूड झालेल्या पायांसाठी. सोव्हिएत उंच उडीपटू व्हॅलेरी ब्रुमेल 1964च्या टोकियो ऑलिंपिकचा सुवर्णविजेता. पुढच्याच वर्षी मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या पायाचा चुराडा झाला. अनेक शस्त्रक्रिया फसल्यावर इलिझारोव्हांनी तो पाय उभा केला आणि ब्रुमेलने पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारली. त्याचा विश्वविक्रम मात्र 2.28 मीटरचा होता, तिथे तो परत पोचला नाही. मला या दोन्ही आकड्यांचं सारखंच मोल वाटतं.

माझी उमेदवारी पोलिओच्या वॉर्डात झाली. तिथे इलिझारोव्हांच्या पद्धतीने हाड लांबवायला पायाला बाहेरून लावलेल्या कड्यांचे नट पाव-पाव मिलिमीटर फिरवायचे असत, सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. एका मुलाची आई पाना पदराच्या गाठीत बांधून झोपायची. पण नट फिरवून झाला की ती आणखी अर्धा तास त्याचं पाऊल दोन्ही हातांनी वर दाबून धरायची, तो कळवळला तरी. त्या वॉर्डातून टाच टेकवत बाहेर गेलेली मुलं अशा आयांची होती. तुम्हाला त्या दोन महिन्यांत व्यायामाचा छापील कागद मिळाला असेल, पाऊल धरणारे हात मिळाले नाहीत. याचा मला राग येतो, आणि तो तुमच्यावर नाही.

म्हणून कळकळीने सांगते, फिजिओला खरं सांगा. अपघात समजून तो एका मोडलेल्या जागेचा विचार करतोय. त्याला कळायला हवं की दोन्ही पोटऱ्या सहा-सहा सेंटिमीटर ताणल्या गेल्यात. नातेवाइकांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

पायाचा अंगठा वर उचलता येत नसेल, अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात बधिरपणा असेल, किंवा हाड भरलेल्या जागी नवी कळ सुरू झाली, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जा. रॉड कधी काढायचे तेही विचारा. काढल्यावर स्क्रूची भोकं भरेपर्यंत काही आठवडे उड्या आणि पळणं बंद ठेवावं लागतं. तीन महिने मनापासून करूनही वहीतले आकडे हलले नाहीत, तर स्नायूचा पडदा सैल करायची छोटी शस्त्रक्रिया असते. पण तिने टाच टेकते आणि पावलाचा रेटा थोडा कमी होतो, म्हणून ती शेवटी.

प्रश्न : माझा मुलगा 20 वर्षांचा, उंची 162. पोलिस भरतीला 165 लागते. एक जण म्हणतो, ऑपरेशनने महिन्यात तीन सेंटिमीटर वाढेल. दोन गुंठे विकावे का? (तासगाव)

उत्तर : नका विकू, वहिनी. महिन्यात हाड फक्त ओढून होतं. ते भरायला पुढे कित्येक महिने आणि पाय पळण्याजोगा व्हायला वर्ष किंवा जास्तच. त्याच भरतीच्या मैदानावर त्याला 1600 मीटर धावायचंय, मग 100 मीटर, मग गोळाफेक, आणि शेजारी रोज पहाटे पळणारी पोरं असणार. तीन सेंटिमीटर मिळवून तो तिथे मागे पडेल. सांगणाऱ्याला एवढंच विचारा, असं ऑपरेशन करून 1600 मीटर वेळेत पळालेला एक मुलगा समोर उभा कर.