दान नाताळात, गरज आषाढात

प्रिय पोरी,

सप्रेम आशीर्वाद.

फादरांनी सेवागटाचं खजिनदारपद तुझ्याकडे दिलं हे ऐकून फार बरं वाटलं. वही हातात आल्या आल्या तू मला विचारलंस की आपली माणसं हात आखडत नाहीत, तरी जुलै-ऑगस्टात कुणी दारात आलं की खात्यात पैसे का नसतात? फोनवर मी थातूरमातूर उत्तर दिलं असतं. हा प्रश्न त्याहून मोठा आहे, म्हणून लिहायला बसले.

वहीतल्या जमेच्या बाजूवरून एकदा नुसतं बोट फिरव. ऑक्टोबरातला शेवटून दुसरा रविवार म्हणजे मिशनकार्यासाठी दान गोळा करायचा मिशन रविवार, १९२६ साली अकराव्या पायस पोपनी ठरवून दिलेला. नोव्हेंबरात गरिबांचा जागतिक दिन, तो पोप फ्रान्सिस यांच्यामुळे २०१७ पासून पाळला जातो. मग नाताळ. मग राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ, त्यातली कारितास इंडिया या कॅथलिक मदतसंस्थेची भूक आणि रोगराईविरुद्धची मोहीम, घरोघरी ठेवलेले दानाचे डबे. मोठे आकडे सगळे ऑक्टोबर ते एप्रिलमधले. आणि ते साहजिक आहे. भात घरात आलेलं असतं, होड्या समुद्रात असतात, आखातातली मुलं सुट्टीवर आलेली असतात, लग्नसराई असते. हातात असतं तेव्हा माणूस मोकळेपणाने देतो.

ईस्टरनंतर ही बाजू आटत जाते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ६१ दिवस होड्या किनाऱ्यावर. आपला निम्मा धर्मग्राम, म्हणजे आपल्या चर्चची निम्मी माणसं, कोळीवाड्यातली. नाताळात ज्या बाईने पाकीट भरून दिलं, तीच या दिवसांत सुक्या मासळीवर आणि वाण्याच्या उधारीवर घर चालवते. तिच्याकडे तेव्हा मागायला जीभ रेटत नाही, आणि रेटूही नये.

आता खर्चाची बाजू बघ. ती नेमकी उलटी चालते.

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडच्या आदिवासी पाड्यांवर भात, नागली, वरी तयार व्हायला दसरा-दिवाळी उजाडते. गेल्या वर्षीचं धान्य जेमतेम होळीपर्यंत पुरतं. त्यानंतर वीटभट्टीची नाहीतर बांधकामाची मजुरी असते, ती पाऊस पडला की संपते. रोजगार हमीची कामंही पावसात थंडावतात. म्हणजे आषाढापासून भाद्रपदापर्यंत घरात दाणा कमी, बाहेर लावणीचं कंबरमोड काम आणि वर ताप-जुलाबाचे दिवस. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला हे कळलं. पाड्यावरच्या बायांना ते आधीपासून ठाऊक होतं.

आणि कोकणातल्या आपत्तींच्या तारखा आठव. महाडजवळ जुई आणि दासगावच्या दरडी, २६ जुलै २००५ च्या पावसातल्या. चिपळूण बुडालं आणि तळियेवर डोंगर आला, २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३. सगळ्या जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यातल्या. पुढची आपत्ती कुठे येईल हे कुणी सांगू शकत नाही, पण ती बहुधा कोणत्या दिवसांत येईल हे आपल्याला चांगलं माहीत आहे. मग त्या दिवसांत आपलं खातं रिकामं का असावं?

म्हणून सांगते, नाताळात आणि उपवासकाळात जे जमेल त्यातला तिसरा हिस्सा त्याच आठवड्यात वेगळ्या खात्यात टाक आणि १ जूनपर्यंत त्याला हात लावू नकोस. यावरून बैठकीत बोलणी खावी लागतील. कुणीतरी म्हणेल, लोकांनी नाताळासाठी दिलं, तुम्ही ते दाबून कशाला ठेवता? त्यांना शांतपणे बायबलातल्या संत पौलाची आठवण दे. यरुशलेमच्या गरजू बांधवांसाठी तो वर्गणी गोळा करत होता, तेव्हा त्याने करिंथ शहरातल्या मंडळीला कळवलं होतं की दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावं, म्हणजे मी आल्यावर ऐन वेळी गोळा करत बसायला नको. पैसे घेऊन जायला मंडळीने स्वतः निवडलेली माणसं असावीत, हेही त्याने सांगितलं. बाजूला काढून ठेवणं हा आपल्या श्रद्धेतलाच भाग आहे, कुणा खजिनदाराची कंजुषी नव्हे.

डिसेंबरात अनाथाश्रमांत आणि वृद्धाश्रमांत केक, चादरी आणि गाणी म्हणायला आलेली मंडळं यांची रांग लागते. एका आश्रमाच्या सिस्टर मला म्हणाल्या होत्या, "नाताळात फ्रीजमध्ये केक ठेवायला जागा नसते हो, आणि जुलैत तूरडाळ आम्ही उधार आणतो." नाताळाचा आनंद म्हाताऱ्यांना जरूर मिळावा. पण तो द्यायला पुष्कळ जण आहेत. आपण डाळ द्यावी.

काय द्यायचं, हे ज्याला द्यायचं त्यालाच विचारावं. पाड्यावर मे महिन्यात पहिली गरज ताडपत्रीची. कारवीच्या कुडाची घरं, वर जुनी कौलं नाहीतर पेंढा. स्वस्तातली पातळ ताडपत्री घेतलीस तर वाऱ्याने श्रावणाआधी तिच्या चिंध्या होतात आणि ऐन पावसात ते घर पुन्हा गळतं. तेव्हा घरं थोडी कमी झाली तरी चालेल, जाड आणि कडांना पितळी डोळे बसवलेलीच घे. दोऱ्या सोबत दे. शाळेच्या वह्या-दप्तरं १५ जूनच्या आत पोचली पाहिजेत. जुलैपासून डाळ, तेल, शेंगदाणे, गूळ.

लहान मुलांचं मात्र नीट समजून घे, कारण इथे चांगल्या मनाची माणसंही बिस्किटांचे पुडे वाटून मोकळी होतात. अंगणवाडीताईंकडे एक रंगीत पट्टी असते. ती मुलाच्या दंडाभोवती गुंडाळायची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला तर पट्टी लाल दाखवते, म्हणजे तीव्र कुपोषण. मी पहिल्यांदा ती पट्टी एका पोराच्या दंडावर बघितली तेव्हा माझ्या अंगठ्याला त्याचा दंड टेकला होता, आणि अंगठ्याहून तो फार जाड नव्हता. पोर रडत नव्हतं, हे त्याहून वाईट. असं मूल बिस्किटाने सुधारत नाही. त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावं लागतं, आईसकट, साधारण दोन आठवड्यांसाठी. तिथले उपचार मोफत, जेवण मोफत, बुडालेल्या मजुरीपोटीही सरकार काही रक्कम देतं. तरी आया नाही म्हणतात. का? घरी आणखी दोन पोरं असतात, लावणी चालू असते, शेळी बांधलेली असते, जीपचं भाडं नसतं. आपला पैसा नेमका तिथे लागतो. जीपचं भाडं दे. घरच्या पोरांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या शेजारणीला शिधा दे. आईची लावणी कुणीतरी करून देईल याची मजुरी दे. ही मदत फोटोत दिसत नाही आणि वार्षिक अहवालात एका ओळीची असते, पण मूल वाचतं ते तिच्यामुळे.

सरकारी योजनेतून मिळतं ते पुन्हा आपण वाटू नये. रेशनकार्ड आहे का, त्यात धाकट्या मुलाचं नाव चढलंय का, जातीचा दाखला आहे का, गरोदर बाईला अमृत आहार योजनेतलं जेवण मिळतं का, हे आधी विचार. कातकरी घरांमध्ये कागद नसणं हीच मोठी अडचण असते. तहसीलला जायचं तर एका दिवसाची मजुरी बुडते. सोबत जाणारं माणूस आणि एसटीचं तिकीट एवढ्यानेही वर्षाचं धान्य सुटू शकतं.

पुराच्या वेळी जुने कपडे गोळा करू नकोस. चिपळुणात रस्त्याकडेला भिजलेल्या कपड्यांचे ढीग पडले होते आणि लोक चिखल उपसायला फावडी शोधत होते. पहिले दोन दिवस प्यायचं पाणी आणि तयार अन्न. मग फावडी, घमेली, खराटे, फिनेल, पाणी उपसायचा पंप, गॅसची शेगडी. आणि त्यानंतर, बातम्या थांबल्यावर, खरी वेळ येते. शिवणयंत्राची मोटर जळलेली शिंपीण, वजनकाटा वाहून गेलेला भाजीवाला, यांना गणपतीनंतर कुणी विचारत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. नवीन सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. मदतीचे ट्रक काही आठवड्यांत थांबले. त्या बेगमीच्या खात्यातून थोडा भाग अशा लांबच्या गरजेसाठी राख.

घरी जायचं ते दोघांनी. फ्रेडरिक ओझानाम वीस वर्षांचा होता, तुझ्याहून लहान, जेव्हा १८३३ साली पॅरिसमध्ये त्याने मित्रांबरोबर गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी त्यातूनच उभी राहिली. कुणाच्या घरी जायचं आणि तिथे कसं वागायचं, हे त्या विद्यार्थ्यांना सिस्टर रोझाली रेंदू यांनी शिकवलं. माणसाला चर्चच्या आवारात रांगेत उभं करून पिशवी देणं सोपं असतं. त्याच्या ओट्यावर बसून पाणी पिणं वेळ खातं. तू वेळ दे. बसल्यावर चूल पेटलीय का, औषधाची बाटली कुठली आहे, म्हातारी कुठे झोपते, हे आपोआप दिसतं, विचारावं लागत नाही. फोटो काढू नकोस. देणगीदाराला पुरावा हवा असेल तर बिलं दाखव.

आणि हे मी अगदी ठामपणे सांगते: पिशवीत प्रार्थनेचं पत्रक घालू नकोस. कुणाचा धर्म विचारू नकोस. आपल्याकडे मदतीमागचा हेतू शोधणारे लोक आहेत, त्यांच्या भीतीने मी हे म्हणत नाही. भुकेल्या माणसाला जेवणासोबत काहीही मान्य करावं लागू नये, एवढंच. वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने रुग्णालय उभं केलं. त्या काळी पावसाळ्यात आगबोटी बंद असत आणि किनाऱ्यावरची गावं मुंबईपासून तुटत. अशा दिवसांत दाराशी डॉक्टर असणं काय असतं, ते सगळ्या जातिधर्मांच्या घरांनी अनुभवलं. तिथल्या डॉ. गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला आणि पुढे अमेरिकेचा भारतातला राजदूत झाला. आपल्या किनाऱ्यावर मिशन या गोष्टीला जो मान मिळाला, तो अशा कामातून.

हिशेबाचं थोडक्यात सांगते, तू कॉमर्सची आहेस. पेटी दोघांनी मिळून उघडायची आणि तिथल्या तिथे मोजून दोघांनी सही करायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी मिस्सेनंतर जमा-खर्च वाचून दाखवायचा, त्यात रकमा सांगायच्या, घेणाऱ्यांची नावं कधीच नाही. करसवलत हवी असणाऱ्यांना सांग की २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर ती सवलत मिळत नाही, चेकने किंवा यूपीआयने द्या. आखातातला भारतीय पासपोर्टवाला आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवतो ते परदेशी दान धरलं जात नाही. पण जो दुसऱ्या देशाचा नागरिक झालाय, त्याचे पैसे एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय घेता येत नाहीत, मग तो आपल्या सख्ख्या भावाचा मुलगा का असेना. त्याला धर्मप्रांताच्या कार्यालयाशी बोलायला सांग.

उपवासकाळ सुरू झालाच आहे. या रविवारच्या बैठकीत तिसऱ्या हिश्श्याचा ठराव मांड. फादरांशी आधी बोलून ठेव, म्हणजे बैठकीत ते गोंधळणार नाहीत. ठराव झाला की डबे परत येण्याआधी बँकेत दुसरं खातं उघडून घे, सहीला तिघं ठेव आणि कोणत्याही दोघांच्या सहीने पैसे निघतील असं कर. ताडपत्रीचा भाव मेमध्ये चढतो, एप्रिलातच दोन-तीन दुकानांत विचार. पाड्यावर यंदा किती घरं गळतात ते तिथल्या आशाताई, म्हणजे पाड्यावरच्या आरोग्यसेविका, सांगतील. त्यांचा नंबर वहीच्या शेवटच्या पानावर आहे. दुपारी त्या फिरतीवर असतात, संध्याकाळी सातनंतर फोन लाव.

तुझी,
मावशी