सणात ब्लॉग बंद पडला, होस्टिंगवाल्याकडून भरपाई मिळेल?

प्रश्न : मी मराठी पाककृतींचा ब्लॉग चालवते. शाळेची नोकरी सोडल्यापासून त्यावरच्या जाहिरातींवरच माझं भागतं. होस्टिंगचे, म्हणजे साइट ठेवायला सर्व्हरवर भाड्याने घेतलेल्या जागेचे, तीन वर्षांचे 7,200 रुपये एकदम भरले. ऐन दिवाळीत साइट दोनदा बंद पडली, त्यात एकदा सलग 11 तास. कंपनी म्हणते, महिन्याच्या शुल्काच्या 10 टक्के क्रेडिट (रोख नाही, खात्यात वळती रक्कम) घ्या. वाद असेल तर मुंबईच्या कोर्टात या. काय करू? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : ताई, महिन्याचे पडतात 200 रुपये, म्हणजे क्रेडिट 20 रुपये. तेवढ्यात आपल्या सराफा बाजारात तळलेल्या गराडूची (कंदाची) प्लेट मिळायची मारामार. तरीही ते लेखी मागा, आणि ‘इतर हक्क राखून’ हे शब्द घाला. क्रेडिट मागायला करारात बहुधा मुदत असते. ती उलटली की कंपनीला आयता बचाव मिळतो.

मुंबईची धास्ती सोडा. ग्राहक संरक्षण कायदा 2019च्या कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. तुमच्यासाठी ते इंदूरच. रक्कम लहान असल्याने फी नाही. मुदत दोन वर्षांची.

खरी लढत वेगळ्याच मुद्द्यावर होईल. जाहिरातींतून कमाई होते, म्हणजे सेवा ‘व्यापारी हेतूने’ घेतली, तुम्ही ग्राहकच नाही, असं कंपनी म्हणणार. 2024 मध्ये श्रीराम चिट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की व्यापारी हेतू सिद्ध करण्याचा भार सेवा देणाऱ्यावर आहे. पण तो त्यांनी पेलला, तर हे काम स्वयंरोजगाराचं आणि केवळ उदरनिर्वाहासाठी आहे, हे तुम्हाला दाखवावं लागेल. नोकरी सोडल्याचं पत्र, बँकेत जमा झालेली जाहिरातींची रक्कम, आयकर विवरण काढून ठेवा. ब्लॉगसाठी पगारी माणसं ठेवली असतील, तर बाजू लंगडी पडते.

आता पुरावा. तुम्ही पाठवलेल्या दोन स्क्रीनशॉटपैकी एकावर 508 हा एरर क्रमांक आणि ‘रिसोर्स लिमिट’ असं दिसतं. याचा अर्थ सर्व्हर चालू होता; सणाच्या गर्दीत तुमच्या प्लॅनची मर्यादा संपली. ती घटना तक्रारीतून वगळा, नाहीतर ती धरून कंपनी बाकीचंही खोडून काढेल. 11 तासांची मात्र पक्की आहे, कारण त्यांच्याच ईमेलमध्ये ‘तातडीची दुरुस्ती’ अशी कबुली आहे. 99.9 टक्के अपटाइमचं (साइट चालू राहण्याच्या वेळेचं) वचन म्हणजे 30 दिवसांत जेमतेम 43 मिनिटं बंद! तो ईमेल, तिकीट (तक्रार) क्रमांक, गूगल सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या मोफत साधनातल्या सर्व्हर एररच्या नोंदी आणि त्या आठवड्याचा जाहिरात अहवाल जोडा. सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63चं प्रमाणपत्र द्या.

नोटीस पाठवण्याआधी फाइली आणि डेटाबेस (लेख साठवलेला भाग) दोन्हींचा बॅकअप घरी उतरवा. डोमेनही (साइटचा पत्ता) त्यांच्याकडूनच घेतलं असेल, तर ते तुमच्या नावावर आहे ना, ते बघा. भांडण सुरू झाल्यावर खातं गोठलेलं मी पाहिलं आहे.

त्यानंतर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. मागा काय? उरलेल्या मुदतीचे पैसे, आणि आधीच्या दिवाळीच्या आकड्यांशी ताडून दाखवता येईल तेवढंच नुकसान. लाखाचा आकडा टाकू नका, आयोगापुढे त्याने वजन घटतं. करारातलं ‘फक्त क्रेडिट’ हे कलमच अन्याय्य आहे, असा दावा करायचा तर भोपाळच्या राज्य आयोगात जावं लागतं. 7,200 रुपयांसाठी मी ते सुचवणार नाही. इंदूरमध्ये सेवेतली त्रुटी एवढाच मुद्दा धरा.

नवीन होस्ट बघताना जाहिरातीतला ‘अनलिमिटेड’ शब्द विसरा आणि करार वाचा: नियोजित दुरुस्ती अपटाइममधून वगळली आहे का, बॅकअपची जबाबदारी कुणाची, पैसे परत मागायला किती दिवस, भारतातला पत्ता आणि जीएसटी बिल मिळतं का. पहिले काही महिने दरमहाचाच प्लॅन घ्या, महाग पडला तरी.