सीएसएसमध्ये एक सेमीकोलन राहिला तर दोनच ओळी का गायब होतात?

समजा, तुमच्या सीएसएस (वेबपानाची सजावट ठरवणारी भाषा) फाइलमध्ये कलरच्या ओळीनंतरचा सेमीकोलन (;) राहिला. कलर लागला नाही, खालचं मार्जिनही गेलं, बाकी सगळं व्यवस्थित आणि एरर कुठेच नाही. हा ब्राउझरचा लहरीपणा नाही. चूक दिसली की नेमकं किती टाकून द्यायचं, हे सीएसएसच्या नियमांतच ठरलेलं आहे.

डिक्लरेशन, म्हणजे 'कलर: रेड' अशी एक सूचना, कुठे संपलं हे ब्राउझर सेमीकोलनवरून ओळखतो, नव्या ओळीवरून नाही. त्यामुळे 'रेड' आणि पुढची मार्जिनची अख्खी ओळ ही त्याच्या लेखी कलरचीच व्हॅल्यू झाली. अशी व्हॅल्यू कलरला चालत नाही, म्हणून पुढच्या सेमीकोलनपर्यंतचं सगळं त्याने सोडून दिलं. तुम्हाला काय म्हणायचं होतं याचा अंदाज तो बांधत नाही, आणि मला हेच फार मोलाचं वाटतं. न कळलेलं सोडून देण्याची ही सोय 1996 च्या पहिल्या सीएसएसपासून आहे, कारण जुन्या ब्राउझरसमोर उद्या नवी प्रॉपर्टी (कलर, मार्जिनसारखा गुणधर्म) येणारच. म्हणून तर आपण आधी साधा हेक्स रंग (# चिन्हाने सुरू होणारा रंगाचा कोड) आणि त्याखाली नव्या पद्धतीचा रंग लिहू शकतो. ज्याला दुसरा कळत नाही, त्याच्याकडे पहिला शिल्लक राहतो.

सिलेक्टर, म्हणजे सजावट कोणत्या घटकांना लावायची हे सांगणारा भाग, चुकला तर मात्र अख्खा नियम, म्हणजे त्याच्या कंसातली सगळी डिक्लरेशन्स, जातो. स्वल्पविराम देऊन चार सिलेक्टर लिहिले आणि त्यातला एकच अवैध असला, तरी चारही बाद. दोन तिरक्या रेघांची (//) कॉमेंटही अशीच घात करते. सीएसएसमध्ये ती कॉमेंट नाहीच, त्यामुळे तिच्या लगेच खालचं डिक्लरेशन तिच्यासोबत जातं.

मला सर्वांत जास्त छळलं ते मीडिया क्वेरीच्या (ठरावीक स्क्रीनपुरतेच नियम लावणाऱ्या भागाच्या) राहिलेल्या शेवटच्या महिरपी कंसाने. मोबाइलवर पान नीट दिसायचं, मोठ्या स्क्रीनवर अर्धी सजावट गायब. फाइल संपली की ब्राउझर उघडे कंस स्वतःच मिटवतो, त्यामुळे खालचे सगळे नियम निमूटपणे त्या क्वेरीच्या पोटात गेले होते. मी मात्र जिथे बिघाड दिसत होता तिथेच शोधत बसलो. चूक बहुधा त्याच्या वर असते.

सीएसएस व्हेरिएबलचं, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या व्हॅल्यूचं, वेगळं आहे. त्यात जवळजवळ काहीही लिहिलं तरी ते स्वीकारलं जातं, आणि चूक कळते ती वापराच्या वेळी. तोवर वरची पर्यायी ओळ बाद झालेली असते. मग प्रॉपर्टीला पालक घटकाकडून आलेली किंवा मूळची व्हॅल्यू मिळते.

चूक शोधताना ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये (पानाचा कोड तपासण्याची साधनं) बिघडलेला घटक निवडा. नाकारलेलं डिक्लरेशन खोडलेलं आणि धोक्याच्या खुणेसह दिसेल. नियमच दिसत नसेल तर सिलेक्टर किंवा त्याच्या वरचा कंस तपासा. फायरफॉक्सच्या कन्सोलमध्ये (याच साधनांतली संदेशांची खिडकी) 'सीएसएस' हा फिल्टर मुद्दाम चालू करावा लागतो. तो केलात की ओळ क्रमांकासह इशारे मिळतात.