सव्वा महिना मावशी बाहेर का येत नाही

प्रिय सोनू,

रविवारी साताऱ्याला फोन लावला तेव्हा तू मावशीकडे बराच वेळ बघत होतास. फोन ठेवल्यावर मला विचारलंस, "बाळ होऊन दोन आठवडे झाले, तरी मावशी खोलीतून बाहेर का येत नाही? एवढ्या उन्हाळ्यात कानाला स्कार्फ कशाला? तिला शिक्षा केलीय का?" मी भांडी घासत होते. "आपल्याकडे असंच असतं," म्हणाले आणि विषय संपवला. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, हे काही उत्तर झालं नाही. म्हणून हे पत्र. मराठी शाळेत तू आता जोडाक्षरं न अडखळता वाचतोस. तरी कुठे अडलंच तर मला विचार.

तू मुलगा आहेस म्हणून यातलं काही गाळणार नाही. बाळंतपण ही फक्त बायकांची गोष्ट असं समजून आमच्या घरातले पुरुष पिढ्यान् पिढ्या ओसरीवर बसून राहिले. तू तसा राहू नयेस असं मला वाटतं.

आधी मावशीच्या शरीराचं सांगते. बाळ ज्या पिशवीत वाढतं ते गर्भाशय बाळ झाल्यावर लगेच साधारण एक किलो वजनाचं असतं. ते आकसत आकसत सहा आठवड्यांनी जेमतेम 60 ग्रॅमवर येतं. वार जिथून सुटते तिथे आत मोठी जखम असते आणि ती भरायला वेळ लागतो. त्यात दर दोन-तीन तासांनी दूध पाजायचं, म्हणजे सलग झोप नाहीच. आपल्या जुन्या बायकांनी वजनं मापली नव्हती, पण दिवस बरोबर मोजले होते. सव्वा महिना बाळंतिणीनं जड उचलायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही. डॉक्टरांचे सहा आठवडे आणि आजीचा सव्वा महिना यांत दिवसांचा फारसा फरक नाही.

आणि ती साताऱ्याला का आहे, मावसोबा तर पुण्यात असतात? पहिलं बाळंतपण माहेरी करायचं अशी आपली पद्धत. सासरी कितीही चांगली माणसं असली तरी सून म्हणून थोडं सावरून बसावं लागतं. आईच्या घरी पडल्या पडल्या "आई, पाणी दे गं" म्हणता येतं. मावशी 31 वर्षांची आहे, ऑफिसात दहा जणांना कामाला लावते. पण सध्या आजी तिला भरवते, तिची वेणी घालते. तुला ती कोंडलेली दिसली. मला ती कित्येक वर्षांनी कुणाचं तरी लहान मूल झालेली दिसली, आणि खरं सांगू, थोडा हेवा वाटला.

माझं पहिलं बाळंतपण, म्हणजे तू, माहेरी झालं नाही. इथे नेदरलँड्समध्ये, आम्स्टलव्हेनला, डिसेंबरात. आजी पहिल्यांदा विमानात बसली ती तेव्हा. तिच्या बॅगेत कपडे कमी आणि डिंक, अळीव, खारीक, बाळंतशोपा जास्त. सकाळी तू झालास आणि संध्याकाळी दवाखान्यानं आपल्याला घरी पाठवलं. आजी हबकलीच. "ओल्या बाळंतिणीला थंडीत बाहेर काढतात?" हे तिनं मला त्या दिवशी चारदा तरी विचारलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बेल वाजली. दारात पांढऱ्या कपड्यातली एक उंच बाई. या देशात तिला क्रामफेरझोर्खस्टर म्हणतात. बाळंतपणानंतर आठ दिवस ती घरी येते, सगळे मिळून साधारण 49 तास, आणि त्याचा बहुतेक खर्च सगळ्यांना सक्तीच्या असलेल्या आरोग्य विम्यातून निघतो. ती माझा ताप, नाडी, टाके बघायची. पोटावर हात ठेवून गर्भाशय किती खाली उतरलं ते चाचपायची. तुला अंगावर कसं धरायचं ते दाखवायची. मग तुझे लंगोट धुवायला टाकायची, आणि शेवटी संडाससुद्धा साफ करायची. आजीला ते बघवेना. परकी बाई आपल्या घरचा संडास धुते म्हणून ती ब्रश काढून घ्यायला धावली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. पण तिनं माझ्या पोटावर हात ठेवला तेव्हा आजी शेजारी उभी राहून मान हलवत होती. नंतर मला म्हणाली, "आमच्या गावची सुईण अस्संच बघायची."

माझा पलंग लाकडी ठोकळ्यांवर चढवलेला होता. इथे तसा नियमच आहे, वाकून वाकून त्या बाईची पाठ मोडू नये म्हणून. आजीला पलंग उंच दिसताच आनंद झाला. तिला वाटलं, शेगडीसाठीच केलाय. आपल्याकडे बाळंतिणीला बाजेवर झोपवायचे आणि बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायचे, त्यावर ओवा, बाळंतशोपा टाकून धुरी द्यायचे. इथे मी तिला हात जोडून थांबवलं. बंद खोलीत कोळसा पेटवणं जीवघेणं असतं, आणि तान्ह्या बाळाच्या छातीत धूर जाणं मुळीच बरं नाही. मग आजीनं गरम पाण्याच्या पिशवीवर भागवलं. त्याच वेळी ती डच बाई तुझ्या पाळण्यात गरम पाण्याचा बंद डबा दुपट्यात गुंडाळून ठेवत होती. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

आता तुला आवडेल ते. इथे बाळ झालं की भेटायला येणाऱ्यांना गोल कुरकुरीत टोस्टवर लोणी लावून वर गुलाबी किंवा निळ्या गोळ्या भुरभुरून देतात ना, मुईश्येस? त्या साखरेच्या गोळीच्या आत बडीशेपेसारखं एक बी असतं. त्यानं आईला दूध येतं असं इथल्या जुन्या लोकांचं म्हणणं. आणि आजी मला प्रत्येक जेवणानंतर मूठभर बाळंतशोपा चावायला लावत होती. तेही बीच, शेपूचं, आणि कारणही तेच. आठव्या दिवशी आजीनं त्या बाईच्या हातावर बाळंतशोपा ठेवली. तिनं चावून डोळे मिटले आणि एकच शब्द म्हणाली, "मुईश्येस!" तो डच शब्द आजीला अजून येतो.

बाकी खाणं साधंच असतं. मऊ भात, तूप, मेतकूट, लसणाची फोडणी दिलेलं मुगाचं वरण, शेपूची भाजी. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून, खोवलेला नारळ आणि गूळ घालून त्याचे लाडू. डिंक तुपात तळला की लाहीसारखा फुलतो, तो कुस्करून खारीक-खोबऱ्यात मिसळायचा. रक्त गेलेल्या, रात्रंदिवस दूध पाजणाऱ्या बाईला लोह हवं, ताकद हवी, पटकन तोंडात टाकता येईल असं काही हवं. लाडू हे सगळं एका घासात करतो.

तिसऱ्या दिवशी मी रडायला लागले. काही झालं नव्हतं. तू छान होतास, बाबा दोन दिवसांची रजा संपवून कामावर गेले होते (तेव्हा वडिलांना इथे तेवढीच मिळायची), बाहेर पाऊस होता, आणि मला हुंदके आवरेनात. आजी घाबरली. "बाळंतिणीनं रडू नये, डोळ्यांवर येतं," असं म्हणत पदरानं डोळे पुसायला लागली. डच बाई म्हणाली, "क्रामत्रानन." म्हणजे बाळंतिणीचे अश्रू. इथे त्याला असा स्वतःचा शब्द आहे, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी कितीतरी आयांना असं होतं. तिनं आजीला खुणेनं सांगितलं, रडू दे. मग आजी काही न बोलता माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली.

इथे मला आपल्या पद्धतीतली एक उणीव दिसते. शरीराच्या प्रत्येक दुखण्याला आपल्याकडे काढा आहे, लेप आहे. मनाच्या दुखण्याला मात्र "बाहेरची बाधा" म्हणून दृष्ट काढायची आणि गप्प बसायचं. ते रडणं दोन आठवड्यांनंतरही थांबलं नाही, आईला बाळाकडे बघवेना, भूक-झोप गेली, तर तो आजार असतो आणि त्यावर उपचार असतात. मावशीला मी रोज फोन करते तो बाळासाठी कमी, याच्यासाठी जास्त.

आणखीही काही गोष्टी मी मान्य करत नाही. पूर्वी पहिला पिवळसर चीक पिळून टाकायचे आणि बाळाला मध चाटवायचे. चीक हेच बाळाचं पहिलं संरक्षण, तो तासाभरात मिळायला हवा. आणि वर्षाच्या आत मध देणं धोक्याचं. काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून द्यायचे, अंगावर पाजणारीला! दहा दिवस सुवेर म्हणून तिला कुणी शिवायचं नाही. त्यातून तिला विसावा मिळाला असेल, पण तिला अशुद्ध ठरवून दिलेला विसावा मला नको. कानाच्या स्कार्फचं म्हणशील तर आयुर्वेद सांगतो की सूतिकेचा, म्हणजे बाळंतिणीचा, वात वाढलेला असतो, म्हणून वारा लागू द्यायचा नाही. मे महिन्यात साताऱ्यात त्याची गरज नाही असं माझं मत. आजीला सांगितलंय. ऐकलेलं नाही.

पाचवीची पूजा मात्र मी आवडीनं केली. पाचव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते म्हणतात. म्हणून पाट्यापाशी कोरा कागद आणि पेन ठेवायचं आणि रात्रभर कुणीतरी जागायचं. मी त्याचा अर्थ असा लावते: जगात नवजात बाळं दगावतात त्यातली साधारण तीन-चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात दगावतात. त्या काळात दिवा लावून, डोळे उघडे ठेवून बाळापाशी बसणं हीच मोठी राखण होती. तुझ्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन आजार तपासले तेही त्याच सुमारास. आजीनं तुझा कोरा कागद अजून जपून ठेवलाय.

तू म्हणशील, मग सगळ्याच आयांना असं मिळतं का? नाही रे. ऊसतोडीला गेलेल्या बायका बाळ झाल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा फडात उभ्या राहतात. त्यांचं माहेरही तितकंच गरीब असतं. सव्वा महिना परवडणं हे नशीब आहे, आणि ते नशीब सटवाई लिहीत नाही.

पण गडचिरोलीतली एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. तिथे डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1990च्या दशकात 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळंतपणानंतर घरी जायचं, बाळाचं वजन घ्यायचं, श्वास मोजायचे, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायचं. या बायकांना आरोग्यदूत म्हणतात. तीन वर्षांत तिथले नवजात बाळांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत 62 टक्क्यांनी घटले. 2011पासून देशभर आशाताई तेच करतात. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. इथली ती उंच बाई आणि गडचिरोलीतली आरोग्यदूत एकमेकींना कधी भेटणार नाहीत. पण दोघींचं काम तेच, बाळंतिणीच्या घरची बेल वाजवायची, नाहीतर कडी.

आता तुझ्या प्रश्नाकडे. मावशीला शिक्षा झालेली नाही. पण मी आजीला हेही म्हटलंय की तिला वाटलं तर संध्याकाळी अंगणात दहा मिनिटं चालू द्यावं. त्यानं पायांतलं रक्त वाहतं राहतं. त्यावर आजी "बघू" म्हणाली. तिच्या बाबतीत हे पुष्कळ झालं.

रविवारी फोन लागला की तू नेहमीप्रमाणे "बाळ दाखव" म्हणशील. त्याआधी मावशीला विचार, काल रात्री झोप मिळाली का, आणि जेवलीस का. तिच्याशी पाचेक मिनिटं बोल. बाळ तेवढा वेळ थांबेल.

तुझी
आई