वाचकांचे प्रश्न : एनबीएचे (अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे) तारे आणि गुणफलकामागचा खेळ

प्रश्न : दोन खेळाडू, दोघांचीही सरासरी सामन्याला २५ गुण. मित्र म्हणतात, दोघं सारखेच. मला पटत नाही, पण मुद्दा मांडता येत नाही.

उत्तर : २५ गुण करायला किती चेंडू, म्हणजे संघाच्या किती चढाया, खर्ची पडल्या ते आधी पाहा. समजा, पहिल्याने १७ शॉट मारले आणि ८ फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे एकेका गुणाचे मोकळे शॉट, घेतले. दुसऱ्याने २६ शॉट आणि ४ फ्री थ्रो. आता ट्रू शूटिंगचं, म्हणजे खर्ची पडलेल्या चेंडूंच्या मानाने किती गुण आले याचं, गणित करा. फ्री थ्रोंना ०.४४ ने गुणायचं, त्यात शॉट मिळवायचे, बेरीज दुप्पट करायची आणि गुणांना तिने भागायचं. पहिल्याची बेरीज २०.५२, दुप्पट ४१.०४, म्हणजे सुमारे ६१ टक्के. दुसऱ्याची बेरीज २७.७६, दुप्पट ५५.५२, म्हणजे ४५ टक्के. अलीकडे लीगची सरासरी ५७-५८ टक्क्यांच्या आसपास असते. तेवढ्याच गुणांसाठी दुसऱ्याने संघाचे सात चेंडू जास्त खाल्ले. हे सात शॉट सहकाऱ्यांना मिळाले असते तर काय झालं असतं, एवढंच मित्रांना विचारा.

०.४४ कशासाठी? दोन फ्री थ्रोंमागे साधारण एक चेंडू जातो, म्हणजे ०.५ हवं. पण बास्केट झाल्यावर मिळणारा जादा फ्री थ्रो, टेक्निकल फाउलचा फ्री थ्रो आणि थ्री-पॉइंटरवरच्या (लांबच्या रेषेबाहेरून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटवरच्या) फाउलचे तीन, यांमुळे तो आकडा थोडा खाली येतो.

मात्र टक्केवारी पाहून लगेच निकाल देऊ नका. रूडी गोबेरचं ट्रू शूटिंग अनेक सीझनांत गोल्डन स्टेटच्या लांबून शॉट मारणाऱ्या स्टेफ करीपेक्षा वर राहिलं आहे. त्याला चेंडू मिळतो तोच रिंगपाशी, आणि तोही दुसऱ्याने घडवून दिलेला. चारदा सर्वोत्तम बचावपटू ठरलेल्या गोबेरचं मोल मोठं आहे, पण ते या आकड्यात नाही. म्हणून टक्केवारीसोबत युसेज, म्हणजे मैदानावर असताना संघाचे किती टक्के चेंडू त्या खेळाडूच्या हातून संपतात, तेही पाहायचं. ३० टक्के युसेज सांभाळून ६० टक्के ट्रू शूटिंग ठेवणारे खेळाडू मोजकेच असतात.

प्रश्न : डेन्व्हरचा निकोला योकिच धड धावत नाही, उडी मारत नाही. त्याला तीनदा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) दिलं ते कशाच्या जोरावर? मला तरी तो अतिरंजित वाटतो.

उत्तर : आमच्या मते या दशकातला सर्वांत अवघड खेळाडू तोच आहे, अवघड म्हणजे प्रतिस्पर्धी कोचसाठी. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) ४१वा निवडला गेला. २०२१, २०२२ आणि २०२४ ला एमव्हीपी झाला, आणि २०२३ ला डेन्व्हरला पहिलं विजेतेपद मिळवून देताना फायनल्सचा एमव्हीपीही. २०२४-२५ मध्ये त्याची सरासरी २९.६ गुण, १२.७ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) आणि १०.२ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास) होती. पूर्ण सीझनभर ट्रिपल-डबलची, म्हणजे तिन्हींत दोन अंकी, सरासरी राखणारा तो पहिला सेंटर, म्हणजे रिंगपाशी खेळणारा उंच खेळाडू.

आकडे बाजूला ठेवून पुढच्या सामन्यात एकच चाल पाहा. फ्री थ्रो रेषेच्या टोकाशी योकिच चेंडू घेऊन उभा असतो आणि सहकारी जमाल मरे त्याच्या अंगाला घासून जाताना हातातून चेंडू घेतो. बचावापुढे तीन वाटा असतात. योकिचवरचा माणूस मागे रिंगपाशी थांबला, तर मरे तिथूनच शॉट मारतो, नाहीतर योकिचला दहा-बारा फुटांवर तो उंचावरून ढकललेला शॉट मोकळा मिळतो. दोघांनी माणसं बदलली, तर योकिचच्या अंगावर एखादा छोटा गार्ड येतो आणि योकिच त्याला पाठीने रेटत रिंगखाली नेतो. दोघेही मरेवर धावले, तर चेंडू परत योकिचकडे येतो आणि पुढे चौघांविरुद्ध तिघंच उरतात. ही तिसरी वाट सर्वांत वाईट. ६ फूट ११ इंच उंचीवरून त्याला सगळे कोपरे दिसतात आणि पास करायला तो दुसरा ड्रिबल घेत नाही.

मग त्याला कोणी थांबवलंच नाही का? थांबवलं. २०२४ च्या प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांच्या) दुसऱ्या फेरीत मिनेसोटाने कार्ल-अँथनी टाउन्सला योकिचवर लावलं आणि गोबेरला डेन्व्हरच्या अॅरन गॉर्डनवर नावापुरतं ठेवून मागे मदतीला मोकळं सोडलं. मालिका सातव्या सामन्यात जिंकली. २०२५ ला ओक्लाहोमा सिटीने सातव्या सामन्यात ६ फूट ५ इंचांच्या अॅलेक्स करूसोला त्याच्यापुढे उभं केलं. त्याने चेंडू योकिचपर्यंत सहज पोचूच दिला नाही. सामना १२५-९३ असा एकतर्फी झाला. दोन्ही वेळा तत्त्व एकच : योकिचवर दुसरा माणूस लावा आणि उंच माणूस डेन्व्हरच्या सर्वांत कच्च्या शूटरवरून उचलून मागे ठेवा. म्हणूनच डेन्व्हरच्या संघात चौथा आणि पाचवा खेळाडू कोपऱ्यातून थ्री मारतो की नाही, हा प्रश्न दुसऱ्या स्टारच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे.

त्याची खरी कमजोरी बचावात आहे. रिंगपाशी उभं राहून शॉट उडवणं त्याला जमत नाही, त्यामुळे पिक अँड रोलमध्ये (एकजण बचावपटूची वाट अडवून मग रिंगकडे सुटतो ती चाल) त्याला वर यावं लागतं आणि मागे बाकीच्या तिघांना धावपळ करावी लागते. टीका करायची तर इथे करा. उडीवर करू नका.

प्रश्न : सगळे संघ नुसते थ्री मारत सुटले आहेत. मिड-रेंज (मधल्या अंतरावरचा) शॉट संपला का?

उत्तर : संपला नाही, महाग झाला. ३६ टक्के थ्री मारणारा संघ दर प्रयत्नाला १.०८ गुण कमावतो. १६-१८ फुटांवरून ४० टक्के शॉट बसले तर हाती ०.८० येतात. बरोबरी करायला तिथून ५४ टक्के लागतील. म्हणून कोच म्हणतात, चार पावलं मागे जा. कोपऱ्यात तर थ्रीची रेषा २२ फुटांवरच आहे, समोरून ती २३ फूट ९ इंच. पावणेदोन फुटांच्या या सवलतीमुळे प्रत्येक संघ दोन माणसं कोपऱ्यात पेरून ठेवतो.

प्लेऑफमध्ये मात्र हिशेब बदलतो. बचाव तयारीने येतो, रिंग आणि रेषा दोन्ही बंद करतो आणि मुद्दाम मधली जागा सोडतो. तेव्हा केविन ड्युरंट, जेलन ब्रन्सन किंवा शाय गिल्जस-अलेक्झांडर यांच्यासारखा त्या जागेतून पन्नाशीच्या आसपास बसवणारा माणूस लागतो. २०१८ च्या वेस्टर्न फायनलचा सातवा सामना आठवा. ह्यूस्टनने सलग २७ थ्री चुकवले आणि ११ गुणांची मध्यांतराची आघाडी घालवून गोल्डन स्टेटकडून ९२-१०१ असे हरले. लोकांनी त्यावरून थ्रीच्या गणिताची टर उडवली. आमच्या मते गणित चुकलं नव्हतं. ह्यूस्टनचा ख्रिस पॉल जखमी होऊन बाहेर होता आणि मधल्या जागेतून गुण काढणारा त्यांचा एकमेव भरवशाचा माणूस तोच होता. दुसरा मार्गच न राहिल्याने चुकणारा शॉट पुन्हा पुन्हा मारावा लागला.

प्रश्न : ओक्लाहोमा सिटीच्या शाय गिल्जस-अलेक्झांडरला फ्री थ्रोचा व्यापारी म्हणतात. योग्य आहे का?

उत्तर : अर्धवट. २०२४-२५ मध्ये ३२.७ च्या सरासरीने तो लीगमध्ये पहिला आला आणि एमव्हीपी झाला. त्याच सीझनमध्ये गियानिस अँटेटोकुम्पो सामन्याला त्याच्यापेक्षा जास्त फ्री थ्रो घेत होता, पण त्याला कोणी असं म्हणत नाही, कारण त्याच्यावरचे फाउल डोळ्यांना दिसतात. शायचे दिसत नाहीत. तो वेगाने आत शिरतो, अचानक थांबतो, आणि मागून येणारा बचावपटू स्वतःच्या वेगामुळे त्याच्यावर आदळतो. हे कसब आहे. हात अडकवून घेणं किंवा शॉट मारताना मान मागे झटकणं हा मात्र अभिनय आहे आणि तोही तो करतो. २०२१-२२ पासून लीगने शॉट मारताना अनैसर्गिक हालचाल करून फाउल ओढण्यावर बंदी आणली. जेम्स हार्डन आणि ट्रे यंग यांना सुरुवातीला त्याची झळ बसली. शायचा खेळ त्या नियमानंतर बहरला, एवढं ध्यानात ठेवा.

प्रश्न : ओक्लाहोमा सिटीने संघ बांधला कसा? आणि बोस्टनसारखा संघ जिंकल्यावर वर्षभरात मोडतो कसा?

उत्तर : २०१९ ला ओक्लाहोमाने आपला स्टार पॉल जॉर्ज क्लिपर्स संघाला दिला. बदल्यात शाय, डानिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच पिक (ड्राफ्टमधले निवडीचे हक्क) आणि दोन पिकांच्या अदलाबदलीचे हक्क घेतले. त्यातल्याच एका पिकावर २०२२ ला १२व्या क्रमांकाने जेलन विल्यम्स आला. त्याने २०२५ च्या फायनल्सच्या पाचव्या सामन्यात ४० गुण केले. म्हणजे एकाच सौद्यातून संघाचे पहिले दोन खेळाडू निघाले. चेट होमग्रेन दुसऱ्या क्रमांकाचा पिक, लू डॉर्ट ड्राफ्टमध्ये कोणी न निवडलेला, करूसो सौद्यातून, आयझाया हार्टेनस्टाइन २०२४ ला खुल्या बाजारातून. ६८ विजय आणि इंडियानावर सात सामन्यांत मिळवलेलं विजेतेपद याच जुळवणीतून आलं. नुसते पिक साठवून हे होत नाही. पिक साठवलेले आणि तरीही तळाशी राहिलेले संघ बरेच आहेत. ओक्लाहोमाने जवळपास प्रत्येक जागी माणसावर बचाव करू शकणाराच खेळाडू घेतला. शूटिंग नंतर शिकवता येतं, चपळ पाय शिकवता येत नाहीत, असा त्यांचा हिशेब दिसतो. आम्हालाही तो पटतो.

बोस्टनची अडचण पैशांची. लीग आणि खेळाडूंमधल्या २०२३ च्या करारात सेकंड एप्रन नावाची पगाराची वरची मर्यादा आली. ती ओलांडणाऱ्या संघाला नुसता जास्त कर भरून सुटता येत नाही. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, दिल्यापेक्षा जास्त पगार परत घेता येत नाही, मिड-लेव्हलची (मर्यादेवर असूनही नवा खेळाडू घेण्याची) सवलत जाते आणि सात वर्षं पुढचा पहिल्या फेरीचा पिक गोठतो, म्हणजे सौद्यात देता येत नाही. २०२४ ला १८वं विजेतेपद जिंकणाऱ्या बोस्टनने मे २०२५ मध्ये जेसन टेटमचा टाचेमागचा अकिलीस कंडरा फाटल्यावर जास्त वाट पाहिली नाही. त्या उन्हाळ्यात ज्रू हॉलिडे पोर्टलंडला गेला, क्रिस्टॅप्स पोरझिंगिस अटलांटाला. भावनेच्या भरात काहींनी व्यवस्थापनाला दोष दिला. आमचं मत वेगळं : मुख्य खेळाडू वर्षभर बाहेर असताना एप्रनच्या वर राहणं म्हणजे पुढची तीन वर्षं गहाण टाकणं.

प्रश्न : मायकेल जॉर्डन की लेब्रॉन जेम्स, सर्वांत मोठा कोण? टाळाटाळ नको.

उत्तर : एका मालिकेसाठी जॉर्डन. पंधरा वर्षांसाठी लेब्रॉन. आणि सहा फायनल्स, सहा विजय हा जॉर्डनच्या बाजूचा सर्वांत कच्चा मुद्दा. १९८८, १९८९ आणि १९९० ला तो डेट्रॉइटकडून फायनल्सच्या आधीच हरला, ते हिशेबात धरायचं नाही. लेब्रॉन दहा फायनल्स खेळून सहा हरला, ते मात्र धरायचं. आधीच हरणं हे फायनल्समध्ये हरण्यापेक्षा भारी कसं? जॉर्डनचा पक्का मुद्दा वेगळा आहे : गुणांच्या सरासरीत दहा सीझन लीगमध्ये पहिला आलेलाच १९८८ ला सर्वोत्तम बचावपटूही ठरला. लेब्रॉनच्या बाजूने २०१६ ची फायनल्स पुरे. त्या मालिकेत दोन्ही संघांत मिळून गुण, रिबाउंड, असिस्ट, स्टील (हिसकावलेले चेंडू) आणि ब्लॉक (अडवलेले शॉट) या पाचही यादींत तोच पहिला होता.

प्रश्न : सामना पाहताना नजर चेंडूवरच राहते. बाकी काय पाहायचं?

उत्तर : चेंडूच्या विरुद्ध बाजूच्या कोपऱ्यातला बचावपटू पाहा. पिक अँड रोलमध्ये कोणी रिंगकडे सुटला की धावून यायची जबाबदारी त्याची. तो अर्धा सेकंद लवकर आला तर कोपऱ्यातला थ्री मोकळा, उशिरा आला तर डंक. बहुतेक बास्केटांचा दोष ज्याच्या माथी मारला जातो तो शेवटचा माणूस असतो, आणि चूक दोन पावलं आधी वर झालेली असते.

चौथ्या क्वार्टरमध्ये स्क्रीन (सहकाऱ्यासाठी बचावपटूची वाट अडवणं) कोण लावतो याहीपेक्षा, त्या स्क्रीन लावणाऱ्यावर कोण आहे ते पाहा. कच्च्या बचावपटूला खेचून आणण्यासाठीच ती स्क्रीन असते. २०१६ च्या फायनल्सच्या सातव्या सामन्यात ८९-८९ असताना क्लीव्हलंडने असंच करीला आपल्या कायरी अर्विंगसमोर आणलं आणि अर्विंगने त्याच्या डोक्यावरून थ्री मारला. २०२४ च्या फायनल्समध्ये बोस्टनने डॅलसच्या लुका डॉन्चिचला असंच वारंवार गाठलं.

प्रश्न : प्लस-मायनसवर (खेळाडू मैदानावर असताना संघाने केलेले वजा दिलेले गुण) किती विश्वास ठेवावा?

उत्तर : एका सामन्याच्या प्लस-मायनसवर अजिबात नाही. तो आकडा पाच जणांचा मिळून असतो. राखीव सेंटर स्टार गार्डसोबत आठ मिनिटं खेळला तर तोही प्लस १२ दिसतो. पूर्ण सीझनचा घ्या, आणि तो खेळाडू बाहेर बसल्यावर संघाचं काय होतं त्याच्याशी ताडून पाहा.

प्रश्न : विल्ट चेंबरलेनचे एका सामन्यातले १०० गुण आज कोणी करेल?

उत्तर : आम्हाला शक्यता फार कमी वाटते. २ मार्च १९६२ ला त्याने ६३ शॉटपैकी ३६ आणि ३२ फ्री थ्रोंपैकी २८ बसवले, तेही थ्रीची रेषा नसताना. शेवटी तर त्याचे सहकारी चेंडू लवकर परत मिळावा म्हणून न्यूयॉर्कवर मुद्दाम फाउल करत होते. त्या सीझनमध्ये विल्ट सामन्याला सरासरी ४८.५ मिनिटं खेळला. सामना ४८ मिनिटांचाच असतो, वरची अर्धी मिनिट ओव्हरटाइमची. आजचा कोच २५ गुणांची आघाडी दिसली की स्टारला बेंचवर बसवतो. त्यामुळे थ्रीची रेषा हाताशी असूनही तीन अंकी आकडा गाठण्याआधीच सामना हातातून निघून जातो. कोबी ब्रायंटने जानेवारी २००६ मध्ये टोरंटोविरुद्ध ८१ केले ते लेकर्स मध्यांतराला मागे होते म्हणून. विक्रमासाठी आधी आपला संघ वाईट खेळावा लागतो.